हेवी मेटलचे श्रवणसत्र : काय ऐकवावे आणि कोणत्या क्रमाने?

श्रोता_सांगली

नमस्कार. सांगलीत आम्ही वीस-बावीस जण महिन्यातून एकदा एकत्र बसून ध्वनिमुद्रणे ऐकतो. आजवर ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि अधूनमधून जुनी चित्रपटगीते एवढाच आमचा पैस राहिला आहे. पुढच्या महिन्यात एका तरुण सदस्याच्या आग्रहावरून हेवी मेटल ऐकायचे ठरले असून निवडीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गेले दोन आठवडे मी ऐकतो आहे. हे संगीत लोकप्रिय गाण्यांपेक्षा वेगळे आहे हे कानाला लगेच कळते, परंतु ‘आवाज मोठा आहे’ यापलीकडे तो वेगळेपणा मला मांडता येत नाही. सत्र दीड तासाचे आहे. बोलण्याचा वेळ धरून चार-पाच ध्वनिमुद्रणे सुचवावीत आणि प्रत्येकात नेमके कशाकडे कान द्यावा तेही सांगावे, ही विनंती.

मंद्रसप्तक

नमस्कार. मी बरीच वर्षे गिटार वाजवतो, म्हणून वादकाच्या बाजूने लिहितो.

सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमपासून करावी. तिथल्या ॲस्टन भागातल्या ब्लॅक सॅबथ या चौघांच्या बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात हात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक गमावून बसला. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, बारीक तारा लावल्या आणि १९७१ च्या तिसऱ्या तबकडीतल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, दाबणे सुसह्य झाले आणि नाद खोल व जड झाला. पुढच्या असंख्य बँडनी तोच खोल नाद जाणूनबुजून स्वीकारला.

पहिल्या तबकडीतले ‘ब्लॅक सॅबथ’ हेच गाणे आधी लावावे. आपल्यात कोणी पेटी वाजवत असेल तर ध्वनिमुद्रणापूर्वी त्यातले तीन स्वर संथपणे वाजवून दाखवावेत : खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि त्या दोहोंमधला तीव्र मध्यम. यमनात तीव्र मध्यम लागला की कानाला पंचमाची चाहूल लागते. इथे तो पंचमावर विसावत नाही. तिथेच थरथरतो आणि आवर्तन पुन्हा खालच्या षड्जावर आपटते. आपले श्रोते हा फरक इतर कोणाहीपेक्षा लवकर ओळखतील.

वेगळेपणाचे मर्म मला इथेच दिसते. लोकप्रिय गाण्याच्या केंद्रस्थानी गायकाची ओळ असते, साडेतीन-चार मिनिटांत ध्रुवपद दोन-तीनदा येते आणि बाकीची वाद्ये त्याला साथ करतात. मेटलच्या केंद्रस्थानी रिफ असतो, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा, ठाशीव स्वरसमूह, आणि रचना एका रिफवरून दुसऱ्यावर जात पुढे सरकते. गायकाला बाजूला काढले तरी ती उभी राहते.

डिस्टॉर्शनबद्दलही, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटवलेल्या नादाबद्दलही, दोन वाक्ये सांगावीत. ॲम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ताणले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. अशा नादात गंधार मिसळला तर तो गढूळ होतो, म्हणून मेटलचे वादक बहुतेक वेळा केवळ षड्ज आणि पंचम एकत्र छेडतात. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ही जोडी परकी वाटू नये.

दुसरे गाणे मेटालिका या अमेरिकी बँडचे ‘मास्टर ऑफ पपेट्स’, १९८६ चे, साडेआठ मिनिटांचे. व्यसन माणसाला कसे बाहुले बनवते हा त्याचा विषय आहे. उजव्या तळहाताची कडा तारांवर टेकवून आस दाबलेली ती कोरडी, वेगवान ठोक ऐकावी, आणि मधोमध सगळे शांत होऊन दोन गिटारींची जी सुरावट येते तिथे कोणालाही बोलू देऊ नये. ही तबकडी रेडिओवर जवळजवळ न वाजताही अमेरिकेतल्या तबकड्यांच्या खपाच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती.

अनवट

वरील निवडीशी मी सहमत आहे. केवळ एक सावधगिरी सुचवतो. तीव्र मध्यमाच्या या अंतरावर मध्ययुगात चर्चने बंदी घातली होती ही कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिला आधार नाही. सत्रात ती टाळावी.

आयर्न मेडन या इंग्लिश बँडचे ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ (१९८४) अवश्य घ्यावे. इंग्रज कवी कोलरिजच्या दीर्घ काव्यावर आधारलेली ही रचना साडेतेरा मिनिटांहून मोठी आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांनी ती वाजवली तेव्हा मी गर्दीत उभा होतो. मधल्या भागात जहाजाच्या लाकडांची करकर आणि काव्यातल्या ओळींचे पठण एवढेच उरते. तेव्हा आजूबाजूची सगळी मुले निश्चल झाली होती, आणि ते मला आजही आठवते. समुद्र, शाप आणि प्रायश्चित्त यांवर इतका वेळ गाणारे लोकप्रिय संगीत मला ठाऊक नाही.

घोगऱ्या, गुरगुरत्या गायनाचा एक नमुना हवाच, कारण नवख्या श्रोत्याला सर्वांत मोठा अडसर तोच वाटतो. फ्लोरिडातल्या ‘डेथ’ या बँडचे ‘क्रिस्टल माउंटन’ (१९९५) लावावे. तिथला आवाज स्वर धरण्यासाठी योजलेला नाही. त्याला तालवाद्य समजून ऐकले की त्याची जागा कळते.

श्रोता_सांगली

दोघांचेही मनापासून आभार. भारतातले काही घ्यावे का? शिवाय मेटालिकाची १९९१ ची तबकडी अनेकांनी सुचवली आहे. ती आपण वगळलीत.

मंद्रसप्तक

ती हेतुतः वगळली. तिच्यातली गाणी तुलनेने आटोपशीर आणि संथ आहेत, आणि ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तबकडी उत्तम आहे. परंतु मेटल मुख्य प्रवाहाच्या इतके जवळ आलेले आधी ऐकवले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर पुसट होईल. वेळ उरल्यास शेवटी तुलनेसाठी एक गाणे लावावे.

भारतातले म्हणून मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनची ‘दशावतार’ (२०१७) ही तबकडी पाहावी. तिच्यातले ‘मत्स्य’ पुरेसे आहे. कथा सर्वांच्या परिचयाची असल्याने लक्ष आपोआप रचनेकडे जाईल.

मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर हे मुळीच ऐकवू नये; खर्ज नाहीसा होतो आणि नुसती खरखर उरते. चांगले मोठे स्पीकर मिळवावेत आणि मंडळी शेजारी बसलेल्याशी सहज बोलू शकतील एवढाच आवाज ठेवावा.

श्रोता_सांगली

स्पीकर एका सदस्याच्या घरी आहेत, ते आणतो. पेटीवर तीन स्वर वाजवण्यास आमच्या एका ज्येष्ठ ताई तयार झाल्या आहेत. त्यांनी आजच विचारले की षड्ज कोणता धरायचा.

मंद्रसप्तक

पांढरी पाच धरावी. मूळ ध्वनिमुद्रणही साधारण तिथेच आहे.