खारघर की उलवे? घर घेतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नवी मुंबईत टूबीएचके घ्यायचाय आणि खारघर की उलवे यात अडकलोय. माझं ऑफिस फोर्टला, बायकोचं बेलापूरला, त्यामुळे खारघर सोयीचं वाटतं, हार्बर लोकल आहे, २०२३ पासून पेंधरपर्यंत मेट्रोपण सुरू झालीये, पण स्टेशनपासून लांबच्या सेक्टरमध्ये उन्हाळ्यात पाणी कसं येतं ते तिथे राहणाऱ्यांनीच सांगा प्लीज. उलवेत तेवढ्याच पैशात मोठा फ्लॅट बघितला, अटल सेतू जवळ, बामणडोंगरी-खारकोपर स्टेशनं आहेत, पण उरण लाईनला गाड्या कमी आणि विमानतळ एवढा जवळ की आवाजाची धास्ती वाटते, आई सोबत राहणार, तिची झोप आधीच कमी. रात्री विमानांचा त्रास होतो का? आणि रिसेल घेतला तर सिडकोचे (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) फ्लॅट नावावर करायचे ट्रान्सफर चार्जेस कोण भरतं, घेणारा की विकणारा? ओसी (राहायला परवानगीचा दाखला) नसलेली बिल्डिंग मात्र मी बघणारच नाहीये, एजंट काहीही म्हणू दे.