सिनेमातलं यंत्र चाललं पाहिजे का?

गिअरबॉक्स (रबाळे)

गेल्या रविवारी लेकीला घेऊन ठाण्याला एक अ‍ॅनिमेशनपट पाहिला. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका सिनेमाचा नाही. ढगांवर तरंगणारं शहर, पंख असलेले घोडे, बोलणारे दिवे. मी रमलो होतो. शेवटाकडे शहर खाली कोसळायला लागतं आणि ते तोलून धरणारं जुनं यंत्र नायिकेला सुरू करायचं असतं. ती जीव खाऊन दांडा ओढते आणि पडद्यावर तीन प्रचंड गिअर फिरायला लागतात. तिघंही एकमेकांत अडकलेले, त्रिकोणात.

असे तीन गिअर फिरतच नाहीत. पहिला उजवीकडे फिरला की त्याला लागलेला दुसरा डावीकडे फिरणार. दुसऱ्याला लागलेला तिसरा उजवीकडे फिरायला बघणार. पण तो पहिल्यालाही लागलाय, म्हणजे त्याने डावीकडे फिरायला हवं. झालं, जाम. कितीही जोर लावा, दाते तुटतील पण चाक हलणार नाही. मी बावीस वर्षं एमआयडीसीत गिअर कापतोय. आयटीआयहून नवी पोरं आली की पहिल्या आठवड्यात त्यांना हे हातात देऊन दाखवतो.

थिएटरात आजूबाजूची मुलं टाळ्या वाजवत होती आणि मी त्या चाकांकडे बघत होतो. परतताना गाडीत दिघा गावच्या आसपास लेकीने विचारलं, “बाबा, उडणारा घोडा चालतो आणि गिअर चालत नाही?”

तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो. उडणारा घोडा त्यांचा स्वतःचा. तो कसा उडतो हे ते ठरवतील, मी मान्य करीन. गिअर मात्र त्यांनी आपल्या जगातून उसना घेतला. नायिकेने मंत्र म्हणून शहर वाचवलं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण दात्यांचं चाक दाखवलंत म्हणजे इथली ताकद तिथे कशी पोचते ते दाखवायचं तुम्ही कबूल केलंत. मग ती पोचली पाहिजे. कल्पित जगातही तंत्र बरोबरच हवं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

तलावपाळी (ठाणे)

अजिबात पटलं नाही. मी नाटकांचे लाइट्स करतो. गडकरी रंगायतनला कित्येक प्रयोग केलेत. निळं जिलेटिन लावलं की रात्र होते. खरी रात्र निळी असते का? एका खिडकीच्या चौकटीवर लोक अख्खा वाडा उभा करतात, भिंती नसतात तरी. आजवर एकाही प्रेक्षकाने मध्यंतरात येऊन विचारलं नाही की छप्पर कशावर टेकलंय.

आपल्या सिनेमाची सुरुवातच आठवा. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकच माणूस, दोन्हीकडे. याहून अशक्य काय असणार? लोकांनी तो डोक्यावर घेतला. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हाच त्याने अर्धं मान्य केलेलं असतं. उरलेलं अर्धं नट मिळवतो, फिटर नव्हे.

तुम्ही त्या मुलीचा चेहरा बघायचा सोडून तिच्यामागची चाकं बघत बसलात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फलाट नंबर दहा (ठाणे)

मी सानपाडा कारशेडमधून निवृत्त झालो. उभं आयुष्य ब्रेकच्या कामात गेलं, म्हणून लिहितो.

सिनेमात खलनायक रेल्वेगाडीखाली शिरून ब्रेकचा पाइप कापतो आणि गाडी सुसाट सुटते. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. गाडीच्या पाइपात हवेचा दाब भरलेला असतो आणि तो असतो म्हणून ब्रेक सुटलेले राहतात. पाइप फुटला, डबा तुटला, काहीही झालं की दाब उतरतो आणि ब्रेक आपसूक लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीत साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती याच कारणाने, ओढणारा पाइपातली हवा सोडत असतो. एकोणिसाव्या शतकातली युक्ती आहे, आणि इतकी वर्षं लाखो माणसं तिच्या भरवशावर घरी पोचली आहेत.

हे सगळं मला झोपेतही येतं. तरीही नातवासोबत टीव्हीसमोर बसलो आणि तो पाइप कापला गेला, की माझी मूठ आवळते. दर वेळी. गाडी थांबणार आहे हे माहीत असलेला माणूस गाडी थांबेल का म्हणून जीव मुठीत धरून बसतो. म्हणजे माहिती असणं आणि गुंतणं या दोन वेगळ्या जागा असाव्यात. गिअरबॉक्स दादा, तुमचं गणित बरोबर, पण त्याने सिनेमा बिघडलाच पाहिजे असं काही नाही.

गिअरबॉक्स (रबाळे)

@तलावपाळी, तुमचा निळा दिवा मला मान्य आहे. का, तेही सांगतो. पहिल्या अंकात निळा म्हणजे रात्र, तर तिसऱ्या अंकातही निळा म्हणजे रात्रच. तिसऱ्या अंकात त्याच निळ्यात एखादं पात्र “काय ऊन आहे हो!” म्हणालं, तर तुमचेच प्रेक्षक चुळबुळ करतील. साळुंक्यांचंही तसंच. राम समोर आहे तेव्हा तो राम, सीता समोर आहे तेव्हा ती सीता. करार झाला आणि तो पाळला गेला.

@फलाट काका, तुमचा अनुभव नाकारत नाही. पण तुमची मूठ आवळते ती गाडीतल्या माणसांसाठी. समजा त्या लेखकाने तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, पाइप कापला तर गाडी थांबेल, आणि ती नेमकी खाडीच्या पुलावर थांबेल, मागून दुसरी येत असेल. यातही तुमची मूठ आवळली असती, आणि शिवाय खरं असतं.

खारफुटी (ऐरोली)

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे गिअरबॉक्स दादांच्या बाजूने बोलेन असं वाटेल. पण बोलणार नाही.

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) घ्या. अवकाशात आवाज पोचत नाही हे त्या सिनेमाने किती जपलं! स्फोट होतात आणि कानावर काही येत नाही. पण कथेचा कणाच अशक्य आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीजवळ अपघात होतो आणि तिथून अंतराळवीर पाठीवरच्या यंत्राने अवकाश स्थानकाकडे निघतात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साधारण साडेअठ्ठावीस अंशांनी कललेली, स्थानकाची जवळपास बावन्न अंशांनी. उंचीतही तेव्हा शंभर किलोमीटरहून जास्त फरक. नुसती कक्षेची पातळी बदलायला वेगात सेकंदाला सुमारे तीन किलोमीटरचा बदल करावा लागतो. पाठीवरच्या यंत्राचं ते काम नव्हे. ही चूक तीन गिअरांपेक्षा मोठी आहे, कारण ती काढली तर सिनेमाच उरत नाही. त्याला सात ऑस्कर मिळाले. मी स्वतः तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा शेवटी नायिका वाळूवर हात टेकते तेव्हा रडले.

दुसरं उदाहरण ‘इंटरस्टेलर’चं (२०१४). फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा क्लासची सगळी बॅच गेली होती. कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने त्या सिनेमासाठी गणित केलं, ज्याला पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. पण क्रम बघा. सात वर्षांचा आकडा दिग्दर्शकाने कथेसाठी मागितला होता आणि तो हटायला तयार नव्हता. थॉर्नला आधी ते अशक्य वाटलं. मग त्याने हिशेब मांडला आणि कृष्णविवर जवळजवळ कमाल मर्यादेच्या वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर जमतं, असं दाखवलं. म्हणजे कथेने आधी मागितलं, विज्ञानाने मागून पुरवलं. पुरवता आलं नसतं तर काय झालं असतं? माझ्या मते, कथेने तरीही तेच केलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं.

रात्रपाळी (वाशी)

मी आयसीयूत नर्स आहे. तुम्ही सगळे तंत्राचं बोलताय म्हणून न राहवून लिहिते.

सिनेमात मॉनिटरवरची रेघ सरळ होते, कोणीतरी “शॉक!” ओरडतं, छातीवर पॅडल लावतात, पेशंट उसळतो आणि रेघ पुन्हा उड्या मारायला लागते. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक कशासाठी असतो, तर हृदय नुसतं थरथरत असेल, रक्त पुढे ढकलत नसेल, तेव्हा ती थरथर एकदम थांबवायला. मग हृदयाने आपली लय पुन्हा पकडावी एवढीच आशा. जिथे थरथरच नाही तिथे थांबवणार काय? तिथे छाती दाबत राहायचं आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायचं.

हे मी एका मुलाला पहाटे चार वाजता कॉरिडॉरमध्ये सांगितलंय. त्याच्या वडिलांवर आम्ही चौघं आळीपाळीने सीपीआर देत होतो आणि तो काचेबाहेरून ओरडत होता, “मशीन लावा ना, मशीन का लावत नाही?” वडील गेले. आम्ही मशीन लावलं नाही म्हणून ते गेले, असं त्याच्या मनात आजही असेल. त्याला हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

दादा, तुमचा गिअर चुकला तर कोणाचं काही जात नाही. ताई, ‘ग्रॅव्हिटी’ बघून कोणी हबलवरून उडी मारायला जाणार नाही. पण जे जग ‘हे आपलंच आहे’ म्हणून दाखवता, ते चुकलं की खरा माणूस त्याखाली येतो. ढगांवरच्या शहरात काय वाटेल ते करा. वाशीतलं हॉस्पिटल दाखवत असाल तर विचारून करा.

तलावपाळी (ठाणे)

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. हा मुद्दा मी सोडला. ढगांवरच्या शहराचा सोडलेला नाही.

‘झपाटलेला’ (१९९३) घ्या. मंत्र म्हणून तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो. त्या बाहुल्याला स्नायू नाहीत, रक्त नाही, तरी तो पळतो, चढतो, गळा धरतो. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं रात्री पलंगाखाली बघून झोपली. कुठलं तंत्र होतं त्यात?

गिअरबॉक्स (रबाळे)

होतं ना! भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरणार. बाकी कुठेही मारा, उपयोग नाही. समजा शेवटी कोणीतरी त्याच्या पायावर गोळी झाडली असती आणि तो मेला असता, तर तुम्हीच खुर्चीतून उठला असतात. दाते कापलेलं चाकच आहे ते, फक्त लोखंडाचं नाही.

खारफुटी ताईंनाही हेच सांगायचंय. त्या सात वर्षांनी माणूस का रडतो? कारण त्यात घासाघीस चालत नाही. तास गेला की सात वर्षं गेली. नायक त्या ग्रहावरून परत येतो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात आणि मुलांचे निरोप साठलेले असतात. दिग्दर्शकाने तिथे “चला, तीनच वर्षं झाली” म्हणून सूट दिली असती तर कोणी रडलं नसतं.

आणि एक गोष्ट मनाला लागते ती बोलतोच. कृष्णविवरासाठी एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला बोलावतात, आणि बोलवावंच. पण गिअर दाखवताना एका फिटरला फोन करावासा वाटत नाही. पडद्यावर चाक आलं की आमच्या शॉपमधली पोरं आशेने बघतात, आपलं काम दिसणार म्हणून. आणि ते चुकीचं असतं. ज्याला कळतं तोही तिकीट काढूनच आलेला असतो.

खारफुटी (ऐरोली)

हे शेवटचं वाचून थांबले. माझ्या विषयाला तज्ज्ञ मिळतो आणि तुमच्या नाही, हे खरंच अन्यायाचं आहे.

पण तुम्ही आता जागा बदललीत, हे मान्य करा. सुरुवातीला म्हणालात तंत्र बरोबर हवं. आता म्हणताय नियम पाळला पाहिजे. भुवयांमधली गोळी शास्त्राने बरोबर नाही, ती फक्त कथेतला शब्द पाळते. मग त्या ढगांवरच्या जगात तीन गिअर फिरतात हाच नियम असेल तर?

फलाट नंबर दहा (ठाणे)

तसा असेल तर आधी सांगायला हवा होता, ताई. मागाहून काढलेला नियम आमच्या कारशेडमध्येही चालत नसे.

गिअरबॉक्स (रबाळे)

दोन दिवस लिहिलं नाही, कारण ताईंच्या प्रश्नाला उत्तर सुचत नव्हतं. जागा बदलली हे कबूल. तरी काहीतरी राहून जातंय असं वाटत होतं.

काल शॉपमधल्या भंगारातून एकाच मापाचे तीन गिअर घेतले, प्लायवूडवर बोल्टने बसवले. तिसऱ्याचं भोक शेवटी पाडलं, दाते नीट बसवून. घरी आणून लेकीपुढे ठेवलं. तिने एका हाताने फिरवलं, मग दोन्ही हातांनी, मग पाय भिंतीला लावून. हललं नाही. बराच वेळ बघत बसली. मग पाना मागितला, एक बोल्ट सैल केला आणि एक चाक उचलून बाजूला ठेवलं. उरलेली दोन गरगर फिरली.

म्हणाली, “बाबा, तिने दांडा ओढायलाच नको होता. तिने एक चाक काढायला हवं होतं.”

मग तिनेच पुढे लावलं. चाक काढायचं म्हणजे शहराचा एक भाग सुटणार, कारण प्रत्येक चाकावर एकेक वस्ती तोललेली आहे. मग कुठलं काढायचं? नायिकेचं स्वतःचं घर कुठल्या चाकावर आहे? रात्री साडेअकरापर्यंत ती हेच बोलत होती.

तीन चाकं कशीही फिरतात असं मी मान्य केलं असतं, तर ही गोष्ट तिला सुचली नसती. ताई, माझ्याकडे आहे ते एवढंच.

तलावपाळी (ठाणे)

मला अजूनही वाटतं की ती मुलगी चेहऱ्याने जिंकते. पण लेकीला विचारा, ते तिसरं चाक मुळात बसवलं कोणी? तिथून पहिला अंक सुरू होतो.