मदत हवी आहे: गटारावर पाईप टाकायला परवानगी नक्की कोणाची?

बदलापूर_लोकल:
गावी घराचं काम काढलंय. प्लॉट रस्त्याला लागून आहे, मध्ये गटार. त्यात पाईप टाकून गाडी आत जाईल एवढी वाट करायची आहे, बाकी काही नाही. ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, झेडपीच्या बांधकामात जा. तिथले साहेब दौऱ्यावर, टेबलावरचे म्हणतात बहुतेक पीडब्ल्यूडीचा असेल. पीडब्ल्यूडीवाले म्हणतात आमच्या यादीत नाही. कोणाकडे अर्जाचा नमुना असेल तर द्या. पाऊस तोंडावर आहे. कृपया माहिती असेल त्यांनीच लिहा.

सुपारीबाग:
कुठला जिल्हा? रस्ता कुठला? प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का?

बदलापूर_लोकल:
कोकण. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणीतरी ओळखीचं निघतं. रस्ता साधा डांबरी आहे, एसटी जाते. एनएचा इथे काय संबंध?

तहसील_वारी:
जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३. तहसीलदारांकडे अर्ज करा, बांधावरून रस्ता मिळतो. आमच्या भावकीत असाच मिळवला. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, स्थळपाहणी होते. चिकाटी हवी.

सुपारीबाग:
अहो, ते ज्याच्या शेताला रस्ताच नाही त्याच्यासाठी. यांचा प्लॉट रस्त्यालाच लागून आहे.

तहसील_वारी:
तरी अर्ज करून ठेवायला काय जातं.

घाटावरचा:
सातबारा काढून बघा. बऱ्याच ग्रामीण रस्त्यांचं भूसंपादन कधी झालेलंच नसतं, रस्ता तुमच्याच गटातून गेलेला असतो. स्वतःच्या जमिनीत पाईप टाकायला परवानगी कसली? टाका आणि मोकळे व्हा.

वाडीकर:
आमच्या वाडीत कोण इचारता परवानगी? रातोरात पाईप, सकाळी गाडी आत.

निवृत्त_ओव्हरसियर:
घाटावरचा, सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून पाणी अडवायचा हक्क मिळत नाही. गटार तुंबलं की पाणी डांबरावर येतं आणि साइडपट्टी जाते. मग नोटीस ज्याचा पाईप त्याला. अशा नोटिसा मी स्वतः काढल्या आहेत.

धागाकर्ते, रस्ता कोणाचा हे कार्यालयात विचारण्याआधी रस्त्यालाच विचारा. किलोमीटरचा दगड शोधा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग पीडब्ल्यूडीकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग झेडपीच्या बांधकाम विभागाकडे. दगडावर काय आहे?

माहिती_अधिकारी_नव्हे:
इतकं कशाला? आरटीआय टाका. तीन कार्यालयांना तीन अर्ज, तीस दिवसांत लेखी उत्तर येतं. एकदा लेखी आलं की कोणाची हिंमत नाही.

बदलापूर_लोकल:
तीस दिवसांत गटाराचा ओढा झालेला असेल. चुलतभावाला पाठवलं होतं. दगड नारिंगी आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
म्हणजे बहुतेक ग्रामसडक योजनेतला. रस्ता सुरू होतो तिथे फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीचा कालावधी बघा. ही देखभाल पाच वर्षं ठेकेदाराकडे असते. ती चालू असेल तर ग्रामसडक योजनेच्या कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज द्या. संपली असेल तर झेडपी. टेबलावरच्यांनी ही तारीख बघितली नसणार, म्हणून टोलवाटोलवी.

ह्यूस्टनचा_गोट्या:
इकडे टेक्सासमध्ये राज्याच्या रस्त्यावरून घराकडे वाट काढायची तर फॉर्म १०५८ भरतात. पाईप केवढा टाकायचा तेही तेच सांगतात.

वाडीकर:
तो फॉर्म इकडे चालता काय?

चिरेबंदी:
अवांतर: बांधकामाचा चिरा (जांभा दगड) कुठून घेताय? सध्या नरम चिरा खपवतायत. ट्रक उतरवण्याआधी दोन चिरे एकमेकांवर आपटून बघा.

बदलापूर_लोकल:
चिऱ्याचं नंतर बोलू. पाईप ३०० मिमीचा घेऊन ठेवलाय, तो चालेल ना? अर्जात किती लिहू?

सुपारीबाग:
कोकणात ३००? एका पावसात फणसाच्या पानांनी आणि लाल मातीने भरेल. पाईप नकोच. स्लॅब टाका, मध्ये उचलता येईल अशी लोखंडी जाळी ठेवा. आत हात घालून साफ करता येतं. माझ्याकडे तेच आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
जाळीवरून चिऱ्याचा ट्रक गेला की जाळी वाकते. बांधकाम संपेपर्यंत तरी पाईपच. किमान ६०० मिमी, एनपी-३, म्हणजे जड वाहनं पेलणारा आरसीसी पाईप. अडीच मीटरचा एक नग येतो, दोन लावले की पाच मीटर, ट्रक वळायला तेवढे लागतात.

सुपारीबाग:
माझी जाळी अजून वाकलेली नाही. तुम्ही सरकारी माणसं पाईपच्या पलीकडे जात नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
तुमच्याकडे ट्रक रोज येतो का? असो. धागाकर्ते, वरच्या अंगाला रस्त्याखालून पाणी जाणारी सर्वांत जवळची मोरी कितीची आहे ते बघा, तिच्यापेक्षा लहान पाईप टाकायचा नाही. पाईपचा तळ गटाराच्या तळाला हवा. वर ठेवलात तर मागे डबकं साचतं. दोन्ही तोंडांना चिऱ्याची भिंत बांधा, नाहीतर कडेची माती धुऊन जाते. पावसात गटार कितपत भरतं? आणि प्लॉट रस्त्यापेक्षा वर की खाली?

बदलापूर_लोकल:
मी मे महिन्यातच गेलोय. प्लॉट दोन-अडीच फूट खाली आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
हे आधी सांगायचं होतं! मग रस्त्यावरचं पाणी थेट तुमच्या पडवीत. पाईपवरचा भाग थोडा रस्त्याकडे उतरता ठेवा, आत उतार सुरू होतो तिथे आडवी चर आणि जाळी घ्या.

सुपारीबाग:
शेवटी जाळी आलीच.

निवृत्त_ओव्हरसियर:
आली. आता अर्ज: रस्त्याचं नाव, गट क्रमांक, साखळी म्हणजे किलोमीटर आणि त्यापुढचे मीटर, पाईपचा व्यास व लांबी. सोबत सातबारा, गट नकाशा, आडव्या छेदाचं हातचं रेखाटन, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. हमीपत्र लिहा की गटार मी साफ ठेवीन आणि रुंदीकरण झालं तर स्वखर्चाने काढून घेईन. अनामत मागितली तर पावती घ्या. पोच आवक क्रमांकासकट घ्या, नाहीतर अर्ज दिलाच नव्हता असं होतं.

बदलापूर_लोकल:
भावाने फलकाचा फोटो पाठवला. पाच वर्षं गेल्या वर्षीच संपलीत. म्हणजे झेडपी. सोमवारी तो अर्ज घेऊन जाईल. ३०० चा पाईप कोणाला हवा असेल तर सांगा.

काजूबी:
माझा उलटा प्रश्न आहे. वरच्या शेजाऱ्याने गटारात भराव टाकून वाट केली, पाईप नाहीच. सगळं पाणी माझ्या कलमांत. धाग्यात विचारलं तर चालेल ना?

तहसील_वारी:
मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५! शेतजमिनीवरून नैसर्गिक वाहणारं पाणी अडवलं तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा घाला. भराव कधी टाकला?

निवृत्त_ओव्हरसियर:
या वेळी कलम जागेवर पडलंय. पण गटार रस्त्याचं असेल तर रस्त्याच्या कार्यालयालाही लेखी कळवा. दगडाचं डोकं कुठल्या रंगाचं आहे?

काजूबी:
दगड भरावाखाली गेलाय.