मदत हवी आहे : फुप्फुसाच्या कर्करोगात रक्ताची जनुकीय तपासणी

माझ्या आईने कधी तंबाखूला हात लावला नाही, तरी तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला. गाठीत ईजीएफआर जनुकातील बदल आढळल्याने केमोथेरपीऐवजी त्या बदलावर नेमके काम करणाऱ्या जेफिटिनिब या औषधाची २५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली आणि १४ महिने ती पूर्वीसारखी स्वयंपाक करत होती. आता खोकला परतला असून गाठ वाढली आहे. त्याच जनुकातील टी७९०एम हा नवा बदल (ज्यामुळे पहिली गोळी चालेनाशी होते) सापडल्यास ओसिमर्टिनिब हे पुढचे औषध देता येईल, म्हणून डॉक्टरांनी आधी लिक्विड बायोप्सी, म्हणजे रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएची तपासणी, सुचवली आहे; मात्र रक्तात तो दिसला नाही, तरी गाठीत असू शकतो, आणि मग पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागेल. मागच्या वेळी दोन रात्री तिला कुशीवर वळता येत नव्हते. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला, त्यांनी रक्ताचा अहवाल किती दिवसांत मिळाला आणि औषधाच्या खर्चाला कुठून मदत झाली, हे कृपया कळवावे.