तपासण्या निर्दोष, तरी पोटदुखी कायम: सायकोडायनॅमिक थेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न (पाऊलवाट):
माझ्या थोरल्या बहिणीला गेली तीन वर्षे वरचेवर पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. रक्ततपासणी, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सर्व निर्दोष निघाले आणि आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत दोष न दिसता आतड्यांचे काम बिघडण्याचा विकार) असे निदान झाले. औषधांनी तेवढ्यापुरता आराम पडतो. वडील गेल्यानंतर हा त्रास सुरू झाला हे घरात सर्वांना ठाऊक आहे, फक्त तीच त्याविषयी एक शब्द बोलत नाही. आता पोटविकारतज्ज्ञांनी सायकोडायनॅमिक थेरपी सुचवल्यापासून "म्हणजे माझे दुखणे खोटे आहे, असेच ना?" असे ती विचारते आहे. या उपचारात नेमके काय करतात, आणि बोलण्याने पोट कसे बरे होईल?

प्रतिसाद (सांजवात):
मी समुपदेशक आहे. ताईंचे दुखणे पूर्णपणे खरे आहे, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतू व संप्रेरकांमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. दुःख किंवा राग मनाने दाबून धरला तरी शरीर त्याला प्रतिसाद देतच राहते, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणारही नाही असा ताण वेदना होऊन जाणवू लागतो. पोटात गोळा येतो, आवंढा गिळावा लागतो, असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे.

दुखणे कधी उठले, त्याआधी कोणाशी काय बोलणे झाले, तेव्हा काय वाटले आणि काय बोलता आले नाही, याचा शोध या उपचारात रुग्ण आणि उपचारक दोघे मिळून घेतात. वडिलांचा विषय निघताच ताई हसून दुसरे काही बोलू लागल्या, तर उपचारक ते हळुवारपणे त्यांच्या लक्षात आणून देतो. त्यांना उपचारकाचा राग आला आणि तो त्यांनी गिळला, तर त्यावरही बोलणे होते, कारण घरी जे घडते तेच त्या खोलीतही घडते, आणि तिथे ते पाहता येते.

मँचेस्टरमध्ये औषधांनी गुण न आलेल्या आयबीएसच्या 102 रुग्णांवर झालेला अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांना या थेरपीची व शिथिलीकरणाची जोड मिळालेल्या गटाला अधिक आराम पडला. ताण आला की उठणाऱ्या, येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्यात फायदा दिसला; अखंड दुखणाऱ्यांना मात्र फारसा नाही.

प्रतिसाद (उंबरठा):
वरील माहिती योग्य आहे. डॉक्टर म्हणून एवढेच जोडतो की शरीरावरची नजर हटू देऊ नका. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्झ अलेक्झांडर यांच्यासारखे मनोविश्लेषक जठरव्रणाचे (पोटातील अल्सरचे) मूळ मनातील संघर्षात शोधत होते. पुढे मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर हा जिवाणू त्यामागे असल्याचे दाखवले आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. शौचावाटे रक्त, वजनात घट, ताप, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेरपी चालू असली तरी लगेच पुन्हा तपासणी करावी.

प्रतिसाद (रानवाट):
मला दोन वर्षे घशात काही अडकल्यासारखे होत असे, दुर्बिणीतून काही दिसले नाही. या थेरपीच्या पहिल्या दीड महिन्यात त्रास उलट वाढला आणि मी ती सोडणार होते. नेमके तेच उपचारकाला सांगितले, आणि खरे बोलणे त्या दिवसापासून सुरू झाले. घसा पूर्ण सुटला असे म्हणणार नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळीच आवळतो, आणि तेव्हा आपण कोणाला काय सांगायचे टाळले हे बहुधा मला कळते. ताईंना ढकलू नका. पहिल्या भेटीपुरते जाऊन या, पुढचे तुम्ही ठरवा, एवढेच म्हणा.

पाऊलवाट:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व ताईला वाचून दाखवले. थेरपीविषयी ती काहीच बोलली नाही. मात्र शेवटचे आठ दिवस बाबांच्या पोटात अन्न ठरत नव्हते आणि तरीही ती दर दोन तासांनी त्यांना पेज भरवत राहिली, हे तिने मला पहिल्यांदाच सांगितले.