सर्फ बँडसाठी वादक हवेत, पण शोधायचे कसे?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं संभाषण. नावांऐवजी फ्लॅट नंबर आहेत.)

बी-२०३ : नमस्कार मंडळी. सर्फ म्युझिकचा (लाटांवरच्या सर्फिंगशी जोडलेल्या गिटार संगीताचा) बँड जमवतोय, गायक नाही, नुसती वाद्यं. बास माझ्याकडे आहे. ड्रमर आणि दोन गिटारवाले हवेत. 'गिटारिस्ट पाहिजे' म्हटलं की मेटलवाले येतात आणि पहिल्या मिनिटाला डिस्टॉर्शनचं (आवाज खरखरीत करणारं) पेडल दाबतात. जाहिरातीत काय लिहावं, आणि ऐकताना काय बघावं?

ए-७०१ : नुसतं 'सर्फ' लिहू नका. निम्म्या लोकांना बीच बॉईज आठवतात, आणि ते गळ्याचं काम झालं. 'साठच्या दशकाच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत, स्वच्छ टोन, स्प्रिंग रिव्हर्ब' असं स्पष्ट लिहा (रिव्हर्ब म्हणजे घुमारा, इथे स्प्रिंगांतून येणारा) आणि खाली तीन रचना द्या : 'मिस्टर मोटो' (१९६१), 'मिझरलू'ची डिक डेलवाली आवृत्ती (१९६२) आणि 'पाइपलाइन' (१९६३). 'लांब सोलो नाहीत' हेही लिहा. त्या एका ओळीने बरीच गर्दी कमी होते.

सी-१०४ : आणि सगळ्यात आधी ड्रमर शोधा. लोक लीडच्या (मुख्य सुरावट वाजवणाऱ्या गिटारवाल्याच्या) मागे धावतात आणि ड्रमर मिळेल तो घेतात, तिथेच बँड बसतो. ठेका ऐकायला सोपा : एकला बास ड्रम, दोनला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि लगेच अर्ध्या मात्रेवर पुन्हा स्नेअर, तीनला बास ड्रम, चारला एकच स्नेअर. धुम्, टक-टक, धुम्, टक. उजवा हात राइडवर (मोठ्या झांजेवर) सरळ आठ, म्हणजे सारख्या अंतराचे आठ ठोके.

परीक्षा अशी घ्या. मेट्रोनोम (लय दाखवणारं यंत्र) मिनिटाला १६० ठोक्यांवर, तीन मिनिटं हाच ठेका, एकही फिल (ठेक्यामधली सजावट) नाही. मग मेट्रोनोम बंद करून आणखी एक मिनिट, आता फिल घेत. फोनवर रेकॉर्ड करून नंतर ऐका. दोन गोष्टी हमखास बिघडतात. दुसरा 'टक' लंगडतो, म्हणजे उशिरा पडतो आणि स्विंगसारखा (जॅझच्या झुलत्या लयीसारखा) वाटतो. किंवा फिलमधून बाहेर येताना लय चढते. पहिली खोड जॅझवाल्यांत जास्त, दुसरी रॉकवाल्यांत. पंक किंवा स्का वाजवणारे बहुतेक वेळा लवकर रुळतात, कारण सरळ आठ त्यांच्या अंगात असतात.

डी-५०२ : पण काका, 'वाइप आउट' ही सर्फची गाजलेली रचना वाजवून दाखवायला सांगितलं की लगेच कळतं ना?

सी-१०४ : दमसास कळतो, बाकी काही नाही. त्यातली टॉम ड्रमवरची सोळावी (एका मात्रेत चार ठोके) सगळ्यांनी घोकलेली असतात. घ्यायचंच तर इतकंच बघा, की हात एकसारखे पडतात आणि फक्त आघात जागा बदलतात.

बी-६०२ : रिदम (साथीच्या) गिटारबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. चांगला रिदमवाला लीडपेक्षा दुर्मीळ, कारण हे काम कोणाला नको असतं. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) ठेवून तारा अर्ध्या दाबायच्या आणि आठव्या मात्रा 'चक-चक' सारख्या पाडायच्या. ए मायनर, जी, एफ, ई ही उतरती साखळी द्या आणि पाच मिनिटं वाजवू द्या. दुसऱ्याच मिनिटाला जो मधे सुरावट घुसडतो, त्याला रिदमचा कंटाळा आहे. तो महिन्याभरात लीड मागणार.

बी-२०३ : ताई, रिव्हर्ब दोघांनाही?

बी-६०२ : दोघांनी पूर्ण ठेवला तर चिखल होतो. रिदमला लीडच्या निम्म्याहून कमी.

ए-७०१ : सर्फ गिटारमध्ये थेंबासारखा 'टिपटिप' आवाज येतो कुठून, हे लीडवाल्याला विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. स्प्रिंगचा वेगळा डबा गिटार आणि अँपच्या मधे लागतो, सिग्नल स्प्रिंगांना जोरात ढकलतो, आणि दाबलेल्या छोट्या सुरांवर थेंब पडतात. अँपमधला रिव्हर्ब सहसा इतका टिपकत नाही. फेंडरच्या डब्यावर ड्वेल, मिक्सर, टोन अशा तीन कळा असतात. ड्वेल म्हणजे ढकलण्याचा जोर, मिक्सर म्हणजे किती मिसळायचं. डबा थरथरणाऱ्या अँपवर ठेवू नका, स्प्रिंगा खणखणतात. ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवला तर गुणगुण येते.

ए-१०२ : ज्येष्ठ नागरिकाची एक भर. 'मिझरलू'ची सुरावट ई हा षड्ज धरून मोजलीत तर भैरवाचेच स्वर सापडतात : कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध नी. म्हणजे ज्याने भैरवाचे पलटे घोटलेत त्याला चाल चटकन बसेल. फक्त बोटाने ओढून मींड नको, सर्फमध्ये सूर सरळ पडतो आणि हेलकावा व्हॅमी बारने (गिटारच्या ब्रिजवरच्या दांडीने) येतो.

डी-५०२ : आजोबा 👏 मँडोलिनवाल्यांना पण विचारायला हवं मग! एकाच सुरावर वर-खाली भरभर मिजराफ... नाही, प्लेक्ट्रम चालवणं त्यांच्या हातात आधीच असतं.

ए-७०१ : अगदी. लीडची परीक्षा तीच. १६० वर सोळावी म्हणजे सेकंदाला दहाहून जास्त फटके. एका जाड तारेवर दोन मिनिटं. वेग बघू नका, कोपर बघा. हात कोपरापासून कडक झाला तर तिसऱ्या रचनेत गडी थकतो. म्हणून हीच चाचणी शेवटी पुन्हा घ्या. आणि तारा विचारा. फेंडरच्या जॅझमास्टर किंवा जॅग्वार गिटारवर ०.००९ इंचाच्या बारीक तारा जोरात मारल्या की ब्रिजच्या खाचेतून उडतात. ०.०११ पासून पुढे बरं.

बी-६०२ : बासला फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्याच्या) तारा, प्लेक्ट्रम आणि ब्रिजखाली स्पंजचा तुकडा. हे तुमच्यासाठी, दादा.

ए-३०४ (सचिव) : हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे, याची आठवण करून देतो. 🙏

बी-२०३ : शेवटचं, सर. मसुदा असा : 'वाद्य-सर्फ बँडसाठी अनुभवी ड्रमर, रिदम आणि लीड. स्वच्छ टोन, लांब सोलो नाहीत. सोबतच्या तीन रचना ऐकून, एक वाजवून पाठवा. दीड मिनिट, फोनवर, इफेक्ट न लावता.'

सी-१०४ : 'अनुभवी' काढा. आणि ड्रमर पक्का झाल्यावर गिटारवाल्यांची परीक्षा त्याच्यासोबत घ्या, एकेकट्याची नको. मेट्रोनोमबरोबर नीट वाजवणारा माणूस ड्रमरबरोबर पुढे पळतो का, हे तिथेच दिसतं.