एसीएलच्या ऑपरेशननंतर सहा महिने झाले, मुलीला कबड्डीच्या निवड चाचणीला उतरवू का? नाशकात पायाची ताकद कुठे मोजून मिळेल?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला आहे. कबड्डी खेळते, चढाईपटू. गेल्या मोसमात एका सामन्यात बोनस घेऊन परत वळताना उजवा पाय मॅटवर रुतला आणि गुडघा आत गेला. कुणाचा धक्का नाही, पकड नाही. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा सांध्यातला अस्थिबंध, पूर्ण तुटलेली निघाली. तिच्या जागी मांडीच्या मागच्या स्नायूतून काढलेला तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, घालून ऑपरेशन झालं.

आता सहा महिने होत आले. सर्जननी तपासलं. ग्राफ्ट घट्ट आहे, गुडघा पूर्ण वाकतो, "हळूहळू खेळायला हरकत नाही" म्हणाले. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. प्रशिक्षक म्हणतात उतरवा. बारावीचं वर्ष, क्रीडा गुणांचाही प्रश्न आहे.

रोज सकाळी कृषिनगरच्या ट्रॅकवर धावते, सरळ धावताना काही दुखत नाही. पण जिना उतरताना उजवा पाय कडक ठेवते, हे तिच्या आईने टिपलं. मांडीही बारीक दिसते. ज्या फिजिओकडे जात होतो तिथे शेक आणि करंटवरच सगळा वेळ जायचा, शेवटी थोडे पाय उचलायचे व्यायाम. तो कोर्स संपला.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ती तयार आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? आणि नाशकात चांगला स्पोर्ट्स फिजिओ कसा शोधावा?

खोखोवाली

दादा, नका उतरवू. मी खो-खो खेळायचे, माझं हेच ऑपरेशन झालंय. सरळ धावणं सगळ्यात आधी परत येतं आणि त्यानेच आपण फसतो. कबड्डीत सरळ धावतं कोण? थांबा, वळा, मागे सरका, आणि तेही घोटा कुणाच्या तरी हातात असताना. तिला एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायला सांगा. अंगणात नको, फिजिओसमोर. उतरतानाचा आवाज ऐका. माझा चांगला पाय टेकताना अलगद टेकायचा, ऑपरेशनचा धप्पकन.

स्नायूमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंसोबतच काम करते. पंचवटीकर दादा, वहिनींनी जिन्यावर जे टिपलं ते अगदी नेमकं आहे. पायरी उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, शरीराचं वजन धरून हळू सोडावं लागतं. तो कमजोर असला की माणूस गुडघा वाकवायचंच टाळतो. पाय कडक ठेवणं ही तीच पळवाट.

आता मूळ प्रश्न. सर्जन ग्राफ्ट तपासतात, एमआरआय ग्राफ्ट दाखवतो. स्नायू किती जोर लावतो हे दोन्हींत दिसत नाही, ते मोजावंच लागतं. गुडघ्याला इजा झाली, सूज आली की मज्जासंस्था क्वाड्रिसेप्सला पूर्ण जोर लावूच देत नाही. मनात कितीही असलं तरी स्नायूचा काही भाग बंदच राहतो. म्हणून मांडी इतक्या लवकर उतरते आणि नुसतं चालून-धावून भरत नाही. सहाव्या महिन्याला दोन पायांत वीस टक्क्यांहून जास्त फरक असणं सर्रास दिसतं.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. परत खेळायला उतरण्याआधी ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्यांत ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर हवा, शिवाय गुडघ्याबद्दलच्या प्रश्नावलीतही ९०च्या वर गुण हवेत, अशी अट होती. अट पूर्ण न करता उतरलेल्यांपैकी ३८.२ टक्के लोकांचा गुडघा पुन्हा जखमी झाला. पूर्ण करून उतरलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के. आणि नवव्या महिन्यापर्यंत, जितके महिने थांबाल त्या प्रत्येक महिन्यामागे धोका निम्म्याने उतरत गेला.

तुमच्या मुलीच्या वयाला लागू पडेल असा अभ्यास स्वीडनचा आहे, २०२० सालचा. १५ ते ३० वयाचे १५९ खेळाडू. नऊ महिन्यांच्या आत गुडघ्यावर ताण देणाऱ्या खेळात परतलेल्यांना नवी एसीएल दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे सातपट निघालं. नवी म्हणजे कधी तीच, कधी दुसऱ्या गुडघ्यातली. वयाच्या पंचविशीच्या आत खेळात परतणाऱ्यांमध्ये साधारण चारांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, हेही एकत्रित विश्लेषणात आलेलं आहे. सतरा वर्षांच्या मुलीसाठी मी हा आकडा फार गांभीर्याने घेते.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सहाव्या महिन्याला निवड चाचणी नाही. नववा महिना लागला तरी आपोआप परवानगी नाही. ताकदीचा आकडा आला तरच.

फिजिओ शोधताना आधी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेची नोंदणी विचारा. मग सरळ विचारा, "क्वाड्रिसेप्सची ताकद कशावर मोजता?" आयसोकायनेटिक यंत्र (ठरावीक वेगाने पाय हलवत जोर मोजणारं), हातात धरायचा डायनामोमीटर (जोर मोजायचं छोटं उपकरण), निदान लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून पाय सरळ करायच्या) एका पायाने किती वजन, यातलं काहीतरी उत्तर आलं पाहिजे. "हाताने दाबून बघतो" हे उत्तर या टप्प्यावर चालत नाही. सतरा वर्षांच्या खेळाडूचा पाय वीस-तीस टक्के कमजोर असला तरी हाताला तो भक्कमच लागतो. आणि व्यायामाच्या वेळात व्यायामच झाला पाहिजे. शेक, करंटने सूज-दुखण्याला थोडा आराम पडेल, पण या टप्प्याला मांडी भरायला वजनच उचलावं लागतं.

आयसोकायनेटिक यंत्र महाग असतं, मोजक्याच ठिकाणी असतं. जाण्याआधी फोन करून खात्री करा. आडगावला मविप्रच्या (मराठा विद्या प्रसारक समाजाच्या) फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत पहिली चौकशी करा. स्पोर्ट्स फिजिओमध्ये एमपीटीएच (पदव्युत्तर पदवी) केलेलं कुणी आहे का, हेही तिथे विचारा.

सह्याद्री

ऑपरेशन करायलाच हवं होतं का? स्वीडनमध्येच १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत आधी फक्त व्यायाम केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पाच वर्षांनीही ऑपरेशन लागलं नाही, असं वाचलंय.

स्नायूमित्र

बरोबर वाचलंत, पण इथे ऑपरेशन झालंय. शिवाय सतत वळणाच्या खेळात परत जायचं असेल तर बहुतेक सर्जन ग्राफ्टच सुचवतात. तो विषय वेगळा धागा काढून बोलू.

अंबड फिटर

यंत्र नसेल तर हा उपाय चालेल का? आमच्या ओळखीचे एक फिजिओ कांद्याच्या गोण्या तोलायचा डिजिटल हँगिंग काटा वापरतात. माणूस उंच टेबलावर बसतो, गुडघा काटकोनात. घोट्याच्या वर रुंद पट्टा, त्याला साखळी, साखळीत काटा, दुसरं टोक मागे टेबलाच्या पायाला पक्कं. साखळी जमिनीला समांतर. पाय सरळ करायला जोर लावायचा आणि काट्यावरचा सर्वांत मोठा आकडा टिपायचा. मी त्यांना हुक आणि पट्टा बनवून दिला होता, म्हणून माहीत.

स्नायूमित्र

चालेल, उत्तम चालेल. अशा काट्यांवर संशोधनही झालेलं आहे. गुडघा काटकोनात असताना पाय हलत नाही आणि ग्राफ्टवर ताणही फार कमी येतो. पण पहिल्यांदा फिजिओसमोरच करा. चांगला पाय आधी. मांडी पट्ट्याने टेबलाला बांधा, नाहीतर कंबर मागे टाकून जोर काढला जातो. झटका न देता जोर वाढवत न्यायचा, पाच सेकंद धरायचा. तीनदा करा, मध्ये मिनिटभर विश्रांती. सर्वांत मोठा आकडा पीक-होल्डवर धरून ठेवणारा काटाच घ्या.

आता हिशोब. काट्यावरचे किलो गुणिले ९.८१, गुणिले गुडघ्याच्या सांध्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये, भागिले शरीराचं वजन. हा शरीराच्या दर किलोमागचा जोर, तो साधारण ३ च्या पुढे हवा. नुसतं "दुसऱ्या पायाच्या ९० टक्के" यावर थांबू नका. सहा महिन्यांत चांगला पायही उतरलेला असतो, म्हणजे दोन्ही पाय सारखेच कमजोर असले तरी टक्केवारी छान दिसते.

हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, तोही मोजा, ग्राफ्ट तिथूनच काढलाय. चढाईपटूचा पाय धरल्यावर ती गुडघा वाकवून, ओढून सुटते, ते काम याच स्नायूचं.

लाल माती

मी मुलींना कबड्डी शिकवतो. प्रशिक्षकाची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. त्या सरांना मुलीचं वाईट करायचं नाही. बारावीचे क्रीडा गुण, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, आदिवासी आणि शेतकरी घरांतल्या मुलींसाठी हे फार मोठं असतं. याच जिल्ह्यात सावरपाड्याची कविता राऊत आणि तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ ऑलिंपिकपर्यंत गेलेले आम्ही पाहिलेत. त्यामुळे एक मोसम हुकणं म्हणजे काय, हे घरच्यांना नीट कळतं.

पण मी नाही उतरवणार. निवड चाचणीत मुली जीव तोडून खेळतात, समोरचीही तितकीच. तिथे "हळूहळू" नावाचं काही नसतं. मैदानावर मात्र रोज बोलवा. पट्ट्यांचे व्यायाम, हात-खांदे, समोरच्या कोपऱ्याचा अंदाज घेणं, सामने बघून टिपणं. संघापासून तुटली की मुली खेळच सोडतात.

स्नायूमित्र ताई, बाकीच्या मुलींसाठी आधीच काही करता येतं का? आमच्याकडे वॉर्मअप म्हणजे मैदानाला फेऱ्या.

स्नायूमित्र

सर, फुटबॉलचा "अकरा प्लस" कार्यक्रम बघा. वीस मिनिटांचा, साहित्य लागत नाही. एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर बसून, घोटे धरलेले असताना हळू पुढे झुकणं). नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली, निकाल २००८ साली आला: एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी. तो अभ्यास फुटबॉलचा आहे, कबड्डीचा नाही, पण वळताना गुडघा आत जातो तो दोन्हीकडे तसाच. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का, एवढं एक जरी रोज बघितलंत तरी खूप आहे. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा, मुलींना लगेच दिसतं.

सुगरण नाशिक

जेवणाचं कुणी बोललं नाही. ताकद वाढवायची तर शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. सकाळी धावून आल्यावर चहा-बिस्किटं नकोत. अंडी, दूध, दही, पनीर, मोडाची मटकी, सोयाबीन, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात हवं. बारावीचा क्लास, सराव आणि अर्धपोटी मुली, हे मी रोज बघते.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोजून आलो, काट्याच्याच पद्धतीने, फिजिओंसमोर. डावा पाय ४६ किलो, उजवा ३४. पट्ट्यापर्यंत अंतर ३० सेंटिमीटर, वजन ५० किलो. म्हणजे उजवा २, डावा २.७. टक्केवारी ७४. चांगला म्हणतो तो पायही ३ च्या खालीच आहे, हे बघून ती स्वतःच म्हणाली, "बाबा, चाचणी नको." मी काही बोलायच्या आत.

सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले मैदानावर पाठवा, बाकी मी बघतो. आता पुढचे महिने व्यायाम कसा असावा? जिममध्ये एक जण म्हणाला लेग एक्स्टेन्शन केलं तर ग्राफ्ट तुटेल.

स्नायूमित्र

दादा, ती भीती सुरुवातीच्या आठवड्यांची. २०१६ च्या डच मार्गदर्शक तत्त्वांत चौथ्या आठवड्यापासून ठरावीक कोनात लेग एक्स्टेन्शन सुरू करायला सांगितलंय. तिच्यासारख्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टला मात्र सुरुवातीला जादा वजन लावायचं नसतं. आता सहाव्या महिन्याला, सूज-दुखणं नसेल तर तिला ते हवंच. दोन्ही पायांनी स्क्वॉट मारताना भार नकळत डाव्यावर जातो आणि उजवा तसाच राहतो. म्हणून एका पायाचं लेग एक्स्टेन्शन, एका पायाचं लेग प्रेस, पायरीवरून हळू उतरणं. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. तीन-चार सेट, सहा ते आठ वेळा, आणि वजन असं की आठव्यानंतर नववं जमणार नाही. डाव्यालाही करा, त्यालाही ३ गाठायचाय. जिथे मोजलंत त्या फिजिओंकडून वजनं ठरवून घ्या, महिन्याने तसंच पुन्हा मोजा. उड्या आणि वळणं त्यानंतर.

व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बघायला सांगा. डाव्यासारखे दिसले तर वजन वाढवा. उजवीकडचे भरून आले असतील तर सूज आहे, त्या दिवशी वजन नाही. दोन दिवसांत उतरली नाही तर मला इथेच लिहा.